काळा दगड, पांढरे आकाश

चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरातील हेमाडपंती महादेव मंदिराचे भर दुपारी फोटो काढताना आकाशाला धरून एक्स्पोजर (फोटोत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) ठेवले, तर दगडावरील कोरीव काम काळोखात बुडे आणि दगडाला धरले, तर आकाश पांढरेफट्ट होई. शेवटी ट्रायपॉड लावून, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८ वर कायम ठेवून, केवळ शटरचा वेग बदलत 2 स्टॉपच्या (म्हणजे प्रकाशात चौपट फरकाच्या) अंतराने 3 रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घेतले व ते संगणकावर एकत्र केले. शिखराच्या कडेला उमटलेली पांढुरकी किनार डोळ्यांत खुपत होती. क्लॅरिटी (कडांचा उठाव) कमी करून आणि मास्कची (बदल ठरावीक भागापुरता ठेवणाऱ्या आवरणाची) कड मऊ केल्यावर ती गेली. सावल्या मात्र मुद्दाम अर्ध्यावरच उजळल्या, कारण राखाडी पडलेला बेसाल्ट मला तरी खानदेशातला वाटत नाही. वाऱ्याने हललेल्या फांद्या दुहेरी दिसत होत्या, म्हणून तेवढा भाग एकाच फोटोतून घेतला.