पक्षाघातानंतरचे कपडे: बेतावे कसे, घालावे कसे आणि त्यातून हाताला काम कसे द्यावे

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की घरातले सगळे त्याच्या चालण्याची काळजी करत असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली अडचण उभी राहते ती सदऱ्याच्या बाहीची. माझ्या सासऱ्यांची डावी बाजू लुळी पडली तेव्हा मी शिवणकाम करत असूनही एक मोठी चूक केली. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणे काढून मी व्हेल्क्रो लावले. सदरा पटकन घालून होऊ लागला, पण डाव्या हाताला दिवसभरात करण्यासारखे काहीच उरले नाही. त्यांना तपासणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञांनी, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी, ते पाहिले आणि निम्मी बटणे परत लावायला सांगितली. या लेखात जे सांगायचे आहे ते त्या एका सूचनेतून आलेले आहे: कपडा इतका सोपा असावा की माणूस तो स्वतः घालू शकेल, आणि इतकाच अवघड असावा की दुबळ्या हाताला रोज थोडे काम पडेल.

माप घेण्यापूर्वी व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून तीन गोष्टी समजून घ्याव्यात. खांदा सांध्यातून खाली उतरला आहे का, हाताच्या स्नायूंत ताठरपणा किती आहे, आणि त्या बाजूला स्पर्श, ऊन-गार कळते का. खांदा उतरलेला असेल तर तो हात कधीही मनगटाला धरून ओढू नये. बाही चढवताना घाईघाईत नेमके तेच होते.

कपडा घालण्याचा क्रम ठरलेला आहे: घालताना दुबळी बाजू आधी, काढताना दुबळी बाजू शेवटी. पाय जमिनीवर टेकतील अशा खुर्चीवर बसवावे. सदरा मांडीवर असा पसरावा की दुबळ्या हाताची बाही दोन गुडघ्यांच्या मध्ये खाली लोंबेल. मग माणसाने पुढे झुकायचे, म्हणजे हात आपल्या वजनानेच बाहीत उतरतो. चांगल्या हाताने बाही कोपराच्या वर, खांद्यापर्यंत नीट ओढून घ्यायची, कारण ती कोपराशी अडकलेली राहिली तर पुढचे सगळे फसते. त्यानंतर सदरा पाठीमागून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत घालायचा.

हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला की बेतणे सोपे जाते. ताठरलेला हात बहुधा कोपरात वाकलेला आणि छातीशी ओढलेला असतो, म्हणून बाहीचा घेर नेहमीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर जास्त ठेवावा. अशा वेळी पुष्कळ जण मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोलाई, खाली उतरवतात. ते टाळावे, कारण मुंढा नुसता खोल केला तर हात उचलताना अख्खा सदराच वर चढतो. त्याऐवजी काखेत सुमारे दहा सेंटीमीटर बाजूचा चौकोनी तुकडा उभट, म्हणजे पतंगासारखा जोडावा. हात उचलायला मोकळीक मिळते आणि सदरा जागचा हलत नाही. पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक चुणी ठेवली तर कपडा मागून फिरवताना ताणला जात नाही. बाहीला आतून गुळगुळीत सुती अस्तर लावले तर बोटे अडकत नाहीत. टी-शर्टाचे चिकटून बसणारे कापड सुरुवातीला नकोच.

आता बटणांचा प्रश्न. सदऱ्याला पाच बटणे असतील तर पहिल्या महिन्यात चार जागा व्हेल्क्रोच्या कराव्यात आणि बटणे वरून नुसती शोभेला शिवावीत, म्हणजे सदरा चारचौघांसारखा दिसतो. लग्नकार्यात हे दिसणे किती मोलाचे असते, ते ज्याला सांगावे लागत नाही तो नशीबवान. पाचवी जागा मात्र खऱ्या काजाची ठेवावी. ती छातीच्या मध्यावर असावी, कारण गळ्याशी असलेले बटण दिसत नाही आणि तिथवर हात पोहोचत नाही. बटण अडीच सेंटीमीटर व्यासाचे, मधून खळगा असलेले घ्यावे आणि त्याखाली दोऱ्याची उंच दांडी ठेवावी. काज उभे न करता आडवे करावे. दुबळ्या हाताने काजाची पट्टी नुसती दाबून धरायची आणि बटण चांगल्या हाताने सरकवायचे, एवढे काम पुरे आहे. ते सहज जमू लागले की एक व्हेल्क्रो उसवून तिथे काज करावे, मग पुढचे, आणि काही महिन्यांनी बटणे लहान करावीत. चुंबकाची बटणेही मिळतात, पण छातीत पेसमेकर असलेल्या माणसासाठी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

साडी नेसणाऱ्या बाईला गाऊनमध्ये बसवून ठेवू नये. सहावारीच्या निऱ्या घालून टाचून घ्याव्यात, कमरेला रुंद इलॅस्टिक लावावे आणि पदर वेगळा ठेवून खांद्यावर मोठ्या पिनेऐवजी आतल्या लूपने अडकवावा. परकराची नाडी काढून तिथेही इलॅस्टिक घालावे. एका हाताने नाडीची गाठ सहज बांधता येत नाही. ब्लाउज पुढून उघडणारा असावा आणि लहान हुकांच्या जागी दोन-तीनच मोठे हुक असावेत. पाऊल खाली लोंबत असेल तर साडीचा किंवा लेंग्याचा काठ घोट्याच्या वर ठेवावा, आणि पायाला पाऊल सावरणारा पट्टा असेल तर लेंग्याच्या आतल्या शिवणीला खालून तीस सेंटीमीटर उघडे ठेवून तिथे व्हेल्क्रो लावावे. दुबळ्या हाताला सूज येत असेल तर बांगड्या, अंगठ्या आणि घट्ट कफ काढून ठेवावेत. चुडा काढायला घरात नकार येतो, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी तो चांगल्या हातात भरावा. स्पर्श कळत नसेल तर जाड शिवणीचा वळ उठला तरी माणसाला कळत नाही, त्यामुळे बसण्याच्या जागी मागचे खिसे ठेवू नयेत आणि रोज रात्री कातडी पाहावी.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही जणांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावी बाही त्यांच्या लेखी अस्तित्वात नसते. सासऱ्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या कफाला मी आतून-बाहेरून दोन बोटे रुंद लाल पट्टी लावली, आणि ‘लाल दिसली का?’ एवढेच विचारायचे असा घरात नेम केला. पलंगावर कपडे पसरताना चादर वेगळ्या रंगाची असावी. पांढऱ्या चादरीवर पांढरा सदरा शोधणे निरोगी माणसालाही सकाळी सकाळी नको असते.

कपडे घालणे जमू लागले की कापड हाताला काम देण्यासाठीही वापरता येते, आणि हे काही नवे नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली भारतातले व्यवसायोपचाराचे पहिले प्रशिक्षण सुरू केले. या शास्त्राच्या आरंभीच्या काळात हातमाग आणि भरतकाम हीही उपचाराची साधने होती. घरी सुरुवात स्पर्शापासून करावी. गोणपाट, खादी, मखमल, रेशीम आणि जरीचा काठ यांचे तळहाताएवढे तुकडे कापावेत, आधी पाहून हात फिरवावा, मग डोळे मिटून ओळखावे, चुकले तर डोळे उघडून पुन्हा फिरवावा. त्यानंतर जुन्या साडीच्या पट्ट्या फाडणे, घड्या घालणे, लाकडी ठशाने कापडावर छाप उमटवणे अशी कामे घ्यावीत. ठसा दाबताना तळहात उघडा राहतो आणि मनगटावर वजन येते. मूठ आवळून चेंडू दाबण्यापेक्षा ताठर हाताला हे बहुधा अधिक मानवते, तरी तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून दुबळ्याकडूनच काम करून घेण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांनी रूढ केली. मूळ पद्धतीत हा मोजा दोन आठवडे, जागेपणीच्या वेळापैकी ९० टक्के वेळ घालतात, आणि मनगट व बोटे थोडी तरी आपणहून उघडणाऱ्यांनाच ती लागू पडते. मोजा शिवायला अर्धाच तास लागतो, पण तेवढ्यावरून तो घरच्या घरी ठरवून घालू नये. एकच चालता हात बांधलेला माणूस तोल गेला तर सावरू शकत नाही.

शेवटी गोधडी घ्यावी. कापड भरतकामाच्या गोल कडीत ताणून ती कडी टेबलाला पकडीने घट्ट बसवावी, कोपर टेबलावर टेकलेले असावे, आणि मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई घ्यावी, कारण पुष्कळांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. पहिल्या आठवड्यांत दुबळ्या हाताने कापड फक्त दाबून धरायचे, नंतर दोरा ओढायचा, त्यानंतर सुई धरायची. एका बैठकीला पंधरा मिनिटे पुरेत. थकलेला हात अधिक ताठरतो. धावदोऱ्याचा रंग दर आठवड्याला बदलावा, म्हणजे पुढच्या तपासणीला गोधडीच नेता येते आणि कोणत्या आठवड्यात टाके लांब पडले, कोणत्या आठवड्यात जवळ आले, ते तज्ज्ञांना मोजून पाहता येते.