बॅसिलसचं नाव बदलण्याआधीची तयारी

बॅसिलस या जिवाणूच्या एखाद्या स्ट्रेनच्या (वाणाच्या) प्रजातीचं नाव बदलायचं मनात असेल तर आधी टाइप स्ट्रेनचे, म्हणजे ज्यांच्यावरून प्रजातींची नावं ठरली त्या नमुना-वाणांचे, जीनोम (संपूर्ण डीएनए-क्रम) गोळा करा. फाइलवर कुणीतरी लिहिलेलं प्रजातीचं नाव हा पुरावा नाही. बॅसिलस ॲमिलोलिक्विफेशियन्सशी तुलना करायची तर ती डीएसएम ७ या तिच्या टाइप स्ट्रेनशीच. त्या नावाखाली डेटाबेसमध्ये जमा झालेले कितीतरी जीनोम खरे बॅसिलस वेलेझेन्सिसचे आहेत.

आपला स्ट्रेन फ्रीजरमधून काढला की दोनदा स्ट्रीक करून, म्हणजे प्लेटवर रेघा ओढत पसरवून, एकटी कॉलनी उचला. मी एकदा घाईत हे टाळलं आणि असेम्ब्ली, म्हणजे तुकडे जोडून तयार केलेला जीनोम, आली साडेसात मेगाबेसची (मेगाबेस म्हणजे दहा लाख डीएनए-अक्षरं). या गटात जीनोम चारच्या आसपास असतो. प्लेट उजेडात धरली तेव्हा कोरड्या, सुरकुतलेल्या कॉलनींच्या कडेला बारीक, गुळगुळीत, पिवळसर ठिपके दिसले. दोन महिने वाया गेले. आता असेम्ब्लीचा आकार आणि चेकएम या जीनोम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला भेसळीचा आकडा बघितल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते १६एस जनुकही ताडून घ्या, पण तेवढ्यावर प्रजाती ठरवू नका. या गटात ते ९९ टक्क्यांहून जास्त सारखं निघतं.

एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) आणि डिजिटल डीडीएच (डीएनए संकरणाचा संगणकावर काढलेला अंदाज) दोन्ही काढा. एकच प्रजाती मानायची पहिल्याची सीमा ९५-९६ टक्के, दुसऱ्याची ७०. आकडा सीमेलगत आला तर तुलनेतल्या सगळ्या स्ट्रेनमध्ये आढळणाऱ्या जनुकांवरून वंशवृक्ष काढा.

नावांच्या तारखांचा तक्ता मात्र अगदी सुरुवातीलाच हवा, आणि नेमका तोच राहून जातो. स्पेनमधल्या वेलेझ नदीवरून वेलेझेन्सिस हे नाव २००५ मध्ये आलं. २००८ मध्ये डीएनए संकरणाच्या (दोघांचे डीएनए एकमेकांशी कितपत जुळतात या प्रयोगाच्या) जोरावर ते ॲमिलोलिक्विफेशियन्सचंच दुसरं नाव ठरवलं गेलं. २०१६ मध्ये टाइप स्ट्रेनचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा दोन्ही प्रजाती वेगळ्या निघाल्या. उलट २०१० चं मिथायलोट्रॉफिकस आणि २०११ ची प्लँटॅरम ही उपप्रजाती वेलेझेन्सिसमध्ये विलीन झाली, कारण वैध नावांत आधीचं टिकतं.

तक्त्यात प्रत्येक नावापुढे स्ट्रेनचा क्रमांक लिहाच. पिकांच्या मुळांवरच्या कामात सतत भेटणारा एफझेडबी४२ हा स्ट्रेन जुन्या-नव्या शोधनिबंधांत तीन नावांनी येतो, आणि तो एकच जिवाणू आहे हे फक्त त्या क्रमांकावरून कळतं.