ट्यूब एक्सपांडर हातात घेण्याआधी: नव्या बॉयलर फिटरसाठी

बॉयलरच्या ज्या जाड प्लेटमध्ये ट्यूबची टोकं बसवतात, तिच्या होलमध्ये ट्यूब घट्ट कशी बसते, असं नव्या मुलाला विचारलं की उत्तर येतं, "फुगवल्यामुळे." हे अर्धंच बरोबर आहे. एक्सपांडर म्हणजे ट्यूब आतून फुगवायचं हत्यार. त्याचे रोलर ट्यूबला आतून दाबतात तेव्हा ट्यूबचा धातू कायमचा ताणला जातो, पुन्हा मूळ मापावर येत नाही. तिच्या बाहेरची प्लेटही किंचित ताणली जाते, पण ती लवचिकतेच्या मर्यादेत असते. दाब सुटला की प्लेट मागे यायला बघते आणि वाटेत ट्यूब आडवी येते. म्हणजे पकड प्लेटची असते, ट्यूबची नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. जास्त ताकद लावून प्लेटही कायमची ताणली, तर मागे येणारं काही उरतच नाही आणि जॉइंट घट्ट होण्याऐवजी ढिला पडतो.

आता हत्यार. मधे उतरता मँड्रेल, म्हणजे टोकाकडे बारीक होत जाणारी दांडी, त्याच्याभोवती रोलर धरून ठेवणारी केज, केजच्या खाचांमध्ये बहुधा तीन रोलर, आणि मागे प्लेटला किंवा ट्यूबच्या तोंडाला टेकणारी थ्रस्ट कॉलर. मँड्रेलच्या मागच्या चौकोनी टोकाला रॅचेट हँडल किंवा पाना बसतो. हे सुटं करून टेबलावर मांडून बघा, दोन गोष्टी दिसतील. पहिली म्हणजे खाचा मँड्रेलच्या अक्षाला समांतर नसतात, थोड्या तिरक्या असतात. या तिरकेपणामुळेच मँड्रेल फिरवला की तो स्वतःहून आत ओढला जातो. मागून हातोडी मारायची गरज नसते. दुसरी, रोलरही उतरते असतात, पण मँड्रेलच्या उलट दिशेने आणि निम्म्या उताराने. मँड्रेलचं बारीक टोक जिकडे, तिकडे रोलरचं जाड टोक. त्यामुळे रोलरची बाहेरची बाजू ट्यूबच्या भिंतीला समांतर राहते. साफसफाईनंतर जोडताना एखादा रोलर उलटा बसवला तर ट्यूब आत एका मापाची आणि तोंडाशी दुसऱ्या मापाची होते, आणि वरून बघून काही कळत नाही.

तोंड फुलवायच्या एक्सपांडरमध्ये कॉलरच्या बाजूला एक आखूड, जास्त उताराचा रोलर असतो. मँड्रेल पुरेसा आत गेला की तो कामाला लागतो आणि प्लेटबाहेर राहिलेलं ट्यूबचं टोक कर्ण्यासारखं उघडतो.

हत्यार निवडताना तीन मापं लागतात: ट्यूबचा बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि प्लेटची जाडी. पहिल्या दोनांवरून एक्सपांडरचा आकार ठरतो, तिसऱ्यावरून रोलरची लांबी. जाडी गेजमध्ये लिहिली असेल तर कोणता गेज ते आधी विचारा. १० एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) म्हणजे ३.२५ मिमी, तर १० बीडब्ल्यूजी (बर्मिंगहॅम वायर गेज) म्हणजे ३.४० मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण पुढे जे गणित येतं त्यात तो चांगलाच नडतो.

कामातला मोठा वेळ रोलिंगच्या आधी जातो आणि तो तसाच जायला हवा. होलमधला गंज, स्केल (धातूवर चढलेला कडक थर), ग्रीस, रंग काढून चकचकीत धातू दिसला पाहिजे. ट्यूबचं टोकही बाहेरून प्लेटच्या जाडीपेक्षा जरा जास्त लांबीपर्यंत साफ करायचं. साफ करताना हात गोल फिरवा, आतबाहेर ओढू नका. होलमध्ये गोल ओरखडा असेल तर ट्यूब त्यावर दाबून बसते, पण आरपार उभा ओरखडा म्हणजे पाण्याला आयती वाट. तो रोलिंगने बुजेल या आशेवर राहू नका. जुनी ट्यूब काढताना छिन्नी होलला लागली की नेमका असाच ओरखडा पडतो, म्हणून ट्यूब बदलायच्या कामात नवी ट्यूब घालण्याआधी प्रत्येक होलमधून बोट फिरवून बघायचं. नखाला उभी रेघ लागली तर तिथेच थांबा. होलच्या दोन्ही कडांची धार मोडलेली हवी. धारदार कड ट्यूबला कापते.

ट्यूबचं टोक काटकोनात कापलेलं आणि आतबाहेरची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, काढलेली हवी. ट्यूबचा धातू प्लेटपेक्षा मऊ असावा लागतो. टोक कडक असेल तर प्लेट आधी ताणली जाते आणि पकड येत नाही. शिवाय तोंड फुलवताना टोकाला चीर जाते. अशी टोकं आधी अॅनील करून, म्हणजे तापवून आणि सावकाश थंड करून मऊ, करून घ्यावी लागतात.

आता माप. हा भाग टाळून नुसत्या हाताच्या अंदाजावर जाणारे बरेच असतात. अंदाज खोटा नसतो, पण त्यामागे मोजमापाचा सराव लागतो, आणि नव्या माणसाकडे तोच नसतो. समजा ट्यूब नावाला ६३.५ मिमी आणि ८ एसडब्ल्यूजी, म्हणजे ४.०६ मिमी जाडीची आहे. कागदावरचं माप घेऊ नका, ट्यूब मोजा. बाहेरचा व्यास ६३.४ आला, आतला ५५.३, आणि होल ६४.२. होल आणि ट्यूबमधली फट ०.८ मिमी. म्हणजे आतला व्यास ५५.३ अधिक ०.८, असा ५६.१ झाला की ट्यूब प्लेटला नुसती टेकते. पकड अजून शून्य आहे. इथून पुढे जेवढा व्यास वाढेल तेवढी भिंत पातळ होते. कार्बन स्टीलच्या ट्यूबला भिंत साधारण ६ ते ८ टक्के पातळ करण्याचा प्रघात आहे. तुमच्या कामाच्या प्रोसिजरमध्ये दुसरा आकडा असेल तर तोच धरायचा. ७ टक्के धरले तर ४.०६ ची दुप्पट (व्यासात दोन्ही बाजूंची भिंत येते) ८.१२, तिचे ७ टक्के ०.५७. ५६.१ मध्ये ०.५७ मिळवले की ५६.६७. हे तुमचं थांबायचं माप.

याच हिशेबाने ६ टक्क्यांना ५६.५९ आणि ८ टक्क्यांना ५६.७५ येतं. ढिली आणि जास्त रोल झालेली यांच्यामधली सगळी जागा ०.१६ मिमीची. मँड्रेलचा उतार ४८ मिमीला १ मिमी असेल तर एवढ्यासाठी मँड्रेल ८ मिमीसुद्धा पुढे जात नाही. म्हणून पहिली ट्यूब बरोबर मापावर आली की कॉलरपाशी मँड्रेलवर खडूने खूण करून ठेवतात. खूण अंदाजासाठी आहे. प्रत्येक होल आणि ट्यूब थोडी वेगळी असते, त्यामुळे शेवटचा शब्द बोअर गेजचाच, म्हणजे आतला व्यास खोलवर मोजणाऱ्या गेजचा. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी हे माप घेऊ नका. ते तोंडापाशीच पोचतात आणि फुललेल्या भागाचं माप देतात.

शक्य असेल तर त्याच जाडीच्या प्लेटच्या तुकड्यात, त्याच ट्यूबचे दोन-तीन तुकडे आधी रोल करून बघावेत. एक ४ टक्क्यांवर, एक ७ वर, एक मुद्दाम १५ वर. मग तुकडा उभा कापून बघा. कमी रोल झालेल्यात फट दिसू शकते. जास्त रोल झालेल्यात आतल्या पृष्ठभागावर धातूची पापुद्र्यासारखी साल निघालेली असते. एक तास जातो, पण त्यातून जे कळतं ते बोलून सांगता येत नाही.

प्रत्यक्ष रोलिंग. ट्यूब प्लेटबाहेर किती ठेवायची ते ड्रॉइंगवर असतं. वॉटर ट्यूब बॉयलरसाठी (ज्यात ट्यूबच्या आत पाणी असतं) एएसएमई, म्हणजे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या, कोडमध्ये फुलवण्याआधी किमान ६ आणि जास्तीत जास्त १९ मिमी अशी मर्यादा आहे. रोलर आणि मँड्रेलला वंगण लावा, पण ट्यूबच्या आतच. ट्यूब आणि होलच्या मधे तेल गेलं तर दाबाखाली ते अडकून बसतं आणि पकड खराब करतं. एक्सपांडर आत घालून मँड्रेल हाताने ढकला, रोलर टेकले की हँडल लावा. सुरुवातीला ट्यूबच फिरू लागली तर दुसऱ्या टोकाला धरून ठेवायला माणूस लागतो.

हाताला तीन टप्पे जाणवतात. आधी हलकं, एकसारखं फिरणं: ट्यूब अजून फटीत वाढते आहे. मग हँडल जड होतं, ट्यूब टेकली. त्यानंतर काही फेरे तेवढ्याच जडपणाने जातात आणि पुढे जोर झपाट्याने वाढायला लागतो. जोर असा वाढायला लागण्याआधीच हँडल थांबवून माप घ्या. प्लेटवर होलभोवती स्केल तडकून गळायला लागली तर उशीर झाला. तिथे प्लेट स्वतः ताणली जाते आहे. हँडलला पाइप लावून लांबी वाढवायचा मोह होतोच. हाताच्या हत्यारात जोर कळणं हाच मोठा फायदा असतो. पाइप लावला की तो गेला.

काढताना हँडल उलटं फिरवा. मँड्रेल मागे येतो, रोलर सुटतात, हत्यार हातात येतं. अडकलं तर ठोकू नका, थोडं सुलटं, थोडं उलटं करा.

शेजारशेजारच्या ट्यूब ओळीने रोल करत जायचं नसतं. आधी कडेच्या आणि मधल्या काही ट्यूब पक्क्या करून प्लेट जागेवर धरायची, मग विखरून काम करायचं. कारण रोल करताना ट्यूब लांबीतही थोडी वाढते आणि प्लेटला बाहेर ढकलते. सगळा जोर एका बाजूने आला तर प्लेटला पोक येतो. दोन होलमधली पट्टी, म्हणजे लिगामेंट, बारीक असते. एक ट्यूब जास्त रोल केली की तिचा जोर पट्टीतून शेजारच्या होलवर जातो आणि कालची घट्ट ट्यूब आज ढिली होते. गळती एका ट्यूबला आणि चूक दुसऱ्या ट्यूबची, असं इथे सर्रास होतं. प्रत्येक होलला नंबर देऊन आधीचं आणि नंतरचं माप लिहिलेला नकाशा असेल तरच असली चूक सापडते.

तोंड फुलवणं शेवटी येतं. वॉटर ट्यूबमध्ये ते ट्यूब सुटून येऊ नये म्हणून असतं. एएसएमईप्रमाणे फुललेला व्यास होलपेक्षा किमान १/८ इंच, म्हणजे साधारण ३.२ मिमी जास्त हवा. वरच्या उदाहरणात ६७.४. फायर ट्यूबमध्ये, म्हणजे ट्यूबच्या आतून गरम गॅस आणि बाहेरून पाणी असतं तिथे, गॅस जिथे शिरतो त्या टोकाला नुसतं फुलवून सहसा भागत नाही, ते बीडिंग टूलने वळवून प्लेटला टेकवतात. बाहेर उघडं राहिलेलं टोक पाण्यापासून लांब असतं, उष्णता काढून घ्यायला काही नसतं, मग ते जळतं आणि तडकतं. फुलवताना केसासारखी चीर दिसली तर ती फाइलने पुसून झाकायची नाही. ती प्लेटच्या आत किती गेली ते बघून ट्यूब बदलायची की नाही हे ठरतं. सील वेल्डिंग, म्हणजे गळती थांबवायला ट्यूबच्या तोंडाभोवती केलेलं वेल्ड, असेल तर क्रम असा: आधी रोलिंग, मग वेल्ड, मग पुन्हा हलकं रोलिंग, कारण वेल्डच्या उष्णतेने पकड सैल होते.

हीट एक्सचेंजरमध्ये काम करून आलेल्यांना एक सवय मोडावी लागते आणि तिकडे जाणाऱ्यांना लावावी लागते. तिथे रोलिंग प्लेटच्या मागच्या कडेच्या सुमारे ३ मिमी अलीकडे थांबवतात, कडेबाहेर ट्यूब फुगवायची नाही. बॉयलरमध्ये रोलर किती आत जावेत ते प्रोसिजर ठरवते. दोन्हीकडची हत्यारं दिसायला सारखी असतात, रोलरची लांबी वेगळी असते.

हायड्रो टेस्टला (बॉयलरमध्ये पाणी भरून दाब देऊन केलेल्या चाचणीला) एखादी ट्यूब रडली, म्हणजे कडेने थेंब आला, तर आधी दाब पूर्ण उतरवा. दाबाखाली एक्सपांडर लावायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. मग आतला व्यास मोजा. माप कमी असेल तर थोडं रोल करा, पाव फेऱ्याने पुढे जात. माप आधीच पूर्ण असेल आणि तरी गळत असेल तर आणखी रोल करून काही होणार नाही. ओरखडा, घाण, कडक टोक किंवा मोठं झालेलं होल यांपैकी काहीतरी आहे. जुन्या चालत्या बॉयलरमध्ये दर शटडाउनला तीच ट्यूब रोल होत असेल तर तिची भिंत कधीच संपलेली असते.

हत्याराची निगा थोडक्यात. दर आठ-दहा ट्यूबनंतर रॉकेलमध्ये धुऊन रोलर बघा, पुन्हा वंगण लावा. रोलरच्या कडेचा टवका उडाला असेल तर तो ट्यूबच्या आत मळसूत्रासारखी रेघ पाडत जातो. बदलताना एकच रोलर बदलू नका, पूर्ण संच बदला. नवा आणि झिजलेला एकत्र आले की सगळा भार नव्यावर जातो आणि तो फुटतो. काम संपल्यावर ट्यूबमधलं वंगण पुसून काढा. बॉयलरच्या पाण्यात तेल गेलं की फेस होतो आणि ट्यूबवर थर बसून ती जागा जास्त तापते.

ड्रममध्ये, म्हणजे ट्यूब जिथे येऊन मिळतात त्या मोठ्या टाकीत, शिरून काम असेल तर आधी आतली हवा तपासलेली, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस आणि २४ व्होल्टचा दिवा, या तीन गोष्टी झाल्याशिवाय आत पाय टाकू नका. आत जाताना खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवा आणि आत नेलेल्या वस्तू मोजून घ्या. एक्सपांडरचा एखादा रोलर खाली निसटून ट्यूबमध्ये गेला आणि ते लक्षात आलं नाही, तर त्या ट्यूबमधून पाणी नीट फिरणार नाही, आणि बॉयलर चालू झाल्यावर तापून फुटायला तीच पहिली असेल.