आधी स्टूल, मग झेरॉक्स

सोलापुरात सिव्हिलजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आत वॉर्डात कुणाचं तरी माणूस झोपलेलं असतं आणि बाहेर त्याचा भाऊ, बायको नाहीतर सासू कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन माझ्यासमोर उभी असते. आधार, रेशन कार्ड, केस पेपर. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडून लोक येतात, तसे पलीकडून, कर्नाटकातल्या इंडी, आळंदकडूनही येतात. कागद काढायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांत लोक बोलतात. ते बोलणं कसं ऐकायचं हे मला फार उशिरा आलं. ज्यांच्याकडे येऊन माणसं मन मोकळं करतात, मग त्या आशाताई असोत, बचत गटाच्या अध्यक्षा असोत, नर्सिंगला शिकणारी मुलं असोत किंवा पेशंटजवळ रात्रीचं थांबणारा एखादा पुतण्या असो, त्यांना हा उशीर होऊ नये म्हणून लिहितोय.

सुरुवातीच्या वर्षांत एक काका आले होते. बायकोचे कागद होते. यंत्र चालू असताना म्हणाले, "आता काय राहिलं नाही ओ." मी मान वर न करता म्हणालो, "असं बोलायचं नसतं काका. सिद्धेश्वर आहे. होईल बरं." ते गप्प झाले, पैसे ठेवले, गेले. चार दिवसांनी त्यांचा मुलगा मयताच्या कागदांसाठी आला. बोलता बोलता म्हणाला, "आप्पांना आईला घरी न्यायचं होतं. शेवटचे दिवस घरात जावेत म्हणून. पण हे कुणाला विचारायचं, विचारलं तर लोक काय म्हणतील, असं करत राहून गेलं." तो प्रश्न माझ्या काउंटरपर्यंत आला होता. मी त्याला देवाचं नाव सांगून परत पाठवलं.

मी त्यांना धीर देत होतो असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. खरं तर त्यांचं वाक्य मलाच झेपलं नव्हतं. माझे वडील त्याच वर्षी गेले होते. ते वाक्य ऐकताना माझ्या पोटात जो गोळा आला, तो मला घालवायचा होता, आणि "होईल बरं" म्हटलं की तो जातो. आपण दुसऱ्याला देतो त्या सल्ल्यांपैकी पुष्कळसे असे स्वतःची सुटका करून घेण्यासाठी दिलेले असतात. हे एकदा स्वतःच्या बाबतीत पकडता आलं की बाकीचं सगळं शिकता येतं, आणि नाही आलं तर कितीही गोड बोलायला शिकलात तरी उपयोग नाही.

पकडायचं कसं? अंगावरून. माझा जबडा आवळतो आणि हात उगाच कागद सारखे करायला लागतात. तुमचं काही वेगळं असेल; कुणाचा आवाज चढतो, कुणी मोबाइल बघतो, कुणाच्या ओठावर लगेच "अहो, माझ्या मेहुण्याला तर..." येतं. आपली खूण कुठली, ते आठवडाभर नुसतं बघा. ती दिसली की दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश बाहेर सोडा आणि मनात स्वतःला सांगा, "मला आता भीती वाटतेय" किंवा "मला याचा राग आलाय". एवढंच. घालवायला जाऊ नका. मी त्यात एक गोष्ट जोडली आहे: यंत्र बंद करतो. खटखट थांबली की समोरच्यालाही कळतं की आता याला घाई नाही.

पुढे एका मानसोपचाराच्या मॅडमनी आम्हा दुकानदार-रिक्षावाल्यांना चार रविवार शिकवलं. त्यांनी सांगितलं की भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली, आणि त्यांच्या व्याख्येत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या अशा दोन्ही भावनांवर लक्ष ठेवणं येतं, त्यातला फरक ओळखणं येतं, आणि त्यावरून पुढे कसं वागायचं ते ठरवणं येतं. मी वहीत 'स्वतःच्या' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

आता समोरच्या माणसाकडे वळू. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हातून आलेल्या, सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसाला तुम्ही काहीही विचारा, तो नीट सांगू शकत नाही. म्हणून आधी स्टूल आणि माठातलं पाणी. आपत्तीत सापडलेल्या लोकांना मानसिक प्रथमोपचार कसे द्यावेत याची एक मार्गदर्शिका जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढली. तिचा गाभा तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. 'बघा' सगळ्यात आधी येतं. माणूस उभं राहू शकतंय का, बरोबर लहान मूल आहे का, मागे रांगेत त्याच्या गावचं कुणी उभं आहे का. गावचं माणूस कान देऊन असेल तर मी कागद घेऊन काउंटरच्या कडेला जातो आणि तिथे हळू आवाजात बोलतो.

मग भाषा. हे आपल्या सोलापूरचं खास आहे. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. इंडीकडच्या आजीला "बसा" म्हटलं तर ती बसते. तेच कन्नडमध्ये "कूड्री" म्हटलं तर बसते आणि बोलायला लागते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू अक्कांना "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का एवढं विचारलं की त्यांचे खांदे खाली येतात. सगळी भाषा यायची गरज नाही. बसा, पाणी घ्या, जेवलात का, काय झालं, ही चार वाक्यं मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनीत पाठ करा. याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. जखमी सैनिकाला कुठं दुखतंय हे त्याच्याच भाषेत विचारायला मिळणं म्हणजे काय, ते मला त्या आजीच्या चेहऱ्यावरून थोडंफार कळतं.

लोक बोलायला लागले की एक शब्द सारखा येतो: टेन्शन. पोराचं टेन्शन, हप्त्याचं टेन्शन, ऑपरेशनचं टेन्शन. तो शब्द आला की तिथे थांबा, कारण त्याच्या आत दुसरंच काहीतरी असतं. आपल्या मराठीत त्यासाठी केवढे शब्द आहेत बघा: धास्ती, धसका, घालमेल, हुरहूर, चीड, खंत, कोंडमारा, ओशाळलेपण. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, खंत होऊन गेलेल्याची. दोन्हींना मदत वेगळी लागते. धास्ती असलेल्याला माहिती हवी असते, की ऑपरेशन किती वाजता आहे, बाहेर कुठे थांबायचं. खंत असलेल्याला माहिती देऊन काही होत नाही, त्याला ते सांगून टाकायचं असतं.

एक ताई गटाच्या कर्जाचे कागद घेऊन आल्या होत्या. "नुसतं टेन्शन," म्हणाल्या. मी विचारलं, "हप्त्याची काळजी आहे, का घरी कळेल याची?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्याला न सांगता कर्ज काढलं होतं, त्याच्याच दवाखान्यासाठी. पैशाचा प्रश्न होताच, पण रात्री झोप उडवत होती ती लपवाछपवी. मी पैशाबद्दल एक शब्द बोललो नाही. "त्यांना सांगताना पहिलं वाक्य काय म्हणाल?" एवढंच विचारलं आणि त्यांनी ते वाक्य माझ्यासमोर तीनदा बोलून बघितलं.

अंदाज चुकला तर? चुकू द्या. "तसं नाही ओ, राग आलाय मला," असं समोरचा स्वतः दुरुस्त करतो आणि तेही कामाचंच. मात्र अंदाज विचारून करायचा, ठोकून द्यायचा नाही. आणि बायका पुष्कळदा भावनेचं नाव घेतच नाहीत, अंगाचं सांगतात: जीव घाबरा होतो, डोकं गच्च झालंय, हातापायातलं बळ गेलंय. ते तसंच ऐका. "जीव घाबरा कधीपासून होतोय?" हा चांगला प्रश्न आहे. "कशाला घाबरता?" हा प्रश्नच नाही, ती दटावणी आहे.

तसंच "का" टाळा. "का नाही आणलं आधी दवाखान्यात?" याला उत्तर देताना माणूस आरोपी होतो. "मग काय काय झालं?" म्हटलं तर तेच उत्तर येतं, पण मान खाली न घालता. "निदान" हाही शब्द सोडा. निदान मुलगा तरी वाचला, निदान पाय तरी राहिला. हे ज्याचं त्याने म्हणायचं असतं. त्याच्याऐवजी त्याचंच बोलणं थोडक्यात परत द्या: "म्हणजे तीन रात्री तुम्ही एकटेच जागताय आणि भाऊ फोन उचलत नाही." यात तुमचं काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं की आपलं पोचलं. आणि परत दिल्यावर गप्प राहा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. मला पहिल्यांदा चारच्या पुढे जाता आलं नव्हतं. सात-आठच्या आसपास माणूस खरं ते बोलतो.

आई बिड्या वळायची. हजार बिड्या घेऊन कारखान्यात जायची आणि तिथे छाट निघाली, म्हणजे काही बिड्या नापास झाल्या, की संध्याकाळी घरी येऊन पान कापायची कात्री आपटायची. वडील म्हणायचे, "उद्या नीट वळ." शेजारच्या अक्का काही बोलायच्या नाहीत. आपलं सूप उचलून आमच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि आईच्या बरोबर वळत राहायच्या. अर्ध्या तासाने आईच बोलायला लागायची. मॅडमनी शांततेबद्दल शिकवलं तेव्हा मला अक्काच दिसत होत्या.

सरावासाठी घरचं माणूस घ्या. पाच मिनिटं त्याने दिवसातली एक कटकट सांगायची, तुम्ही फक्त ऐकायचं आणि शेवटी दोन वाक्यांत परत द्यायचं. मग त्यालाच विचारायचं, काय सुटलं? माझी बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "सगळं सांगितलं तुम्ही, फक्त मला राग आलेला तेवढा गाळला." तो राग माझ्यावरच होता.

आता एक अवघड गोष्ट, पण ही शिकल्याशिवाय कुणाचं ऐकायला बसू नका. "आता जगून काय करू", "माझ्या मागे पोरांचं बघा" असं कुणी म्हटलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरतं अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. विचारल्याने माणसाला कळतं की हे बोलता येतं. उत्तर "हो" आलं तर कसं, कधी, हाताशी काही आहे का तेही विचारा, कीटकनाशक किंवा गोळ्या असतील तर घरच्यांना त्या दूर ठेवायला सांगा, आणि त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ ही २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर लावून फोन त्यांच्या हातात द्या, किंवा बरोबर चालत मानसोपचार विभागापर्यंत जा. लगेच धोका दिसत असेल तर ११२. "कुणाला सांगणार नाही" असं वचन इथे द्यायचं नाही. आणि कुणी आधीच तसा प्रयत्न केलेला असेल तर त्याला तुरुंगाची भीती घालू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. शिक्षेच्या भीतीने घरचे गोष्ट लपवतात आणि उपचार राहून जातो.

"बघतो", "करू काहीतरी" ही आपली आवडती उत्तरं मी सोडली. समोरचा त्या "बघतो"वर दोन दिवस काढतो. जे होणार ते सांगा, जे नाही ते नाही म्हणा: "पैशाचं मला जमणार नाही. पण महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र कुठे बसतात ते दाखवतो." जोडून द्या म्हणजे हेच. रोज पाच-सहा जणांचं ऐकल्यावर मला संध्याकाळी घरच्यांशी बोलवत नाही, म्हणून दुकान बंद केल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या कडेने एक फेरी मारतो आणि मगच घरी जातो. ही फेरी चुकली की दुसऱ्या दिवशी माझं ऐकणं खरंच बिघडतं, तेव्हा तुम्हीही तुमची अशी एक जागा ठरवून ठेवा.

शेवटचं काम कागदाचं. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात तीन गोष्टी राहत नाहीत. म्हणून झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने मोठ्या अक्षरात फक्त पुढची एक गोष्ट लिहून द्या: कुठली खिडकी, किती वाजता, बरोबर काय न्यायचं. वाचता येत नसेल तर खिडकीचा आकडा मोठा काढा आणि एकदा त्यांच्याकडून म्हणून घ्या. मयताचे कागद असतील तर ते काउंटरवर उघडे ठेवू नका. पाकिटात घाला, पाकीट दोन्ही हातांनी द्या, आणि विचारा, "घरी जायला बरोबर कुणी आहे का?"