स्टीलहेडसाठी नदीत उतरताय? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की पोर्टलंड-सिएटलकडच्या आपल्या मंडळींपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "तीन शनिवार गेले, साधी ओढसुद्धा लागली नाही. फ्लाय (पिसं-दोऱ्यांनी मढवलेला गळ) कुठली बांधू?" बारा हंगाम या नद्यांत उभं राहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की घोडं फ्लायपाशी क्वचितच अडतं. आपण कुठे उभे आहोत, फ्लाय किती खोल आणि किती वेगाने जातेय, ओढ लागल्यावर हात काय करतात, हे आधी तपासायला हवं.

ज्यांना हा मासा नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. काश्मीर-हिमाचलात मिळतो तोच रेनबो ट्राउट, पण लहानपणी नदी सोडून पॅसिफिकमध्ये गेलेला, तिथे एक ते तीन वर्षं वाढलेला आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परतलेला, तो स्टीलहेड. नदीत परतल्यावर तो फारसं खात नाही. म्हणजे आपण भुकेल्या माशाला घास दाखवत नसतो. समोरून काहीतरी आडवं गेलं म्हणून तो चिडून म्हणा, सवयीने म्हणा, तोंड टाकतो. म्हणूनच दर दहा मिनिटांनी फ्लाय बदलण्यात वेळ घालवू नका. दोन-तीन फ्लाय पुरतात: उन्हाळी माशांसाठी एक लहान काळी, एक पृष्ठभागावर चालणारी, आणि हिवाळ्यासाठी एक मोठी, लांब पिसांची.

मासा असतो तिथेच आपण उभे राहतो

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, आणि नेमकी हीच कुणाच्या लक्षात येत नाही. ओरेगॉनमधल्या डेशूट्स नदीच्या खालच्या टप्प्यात बोटीतून मासेमारी करायला बंदी आहे. बोट फक्त जा-ये करायला, गळ टाकायचा तो पाण्यात उभं राहून. त्यामुळे माणूस काठाला लागला की सरळ कंबरभर पाण्यात घुसतो आणि पलीकडच्या काठाकडे सत्तर-ऐंशी फूट लाइन फेकू लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात मासा मात्र अलीकडच्या काठाजवळ, तीन-चार फूट पाण्यात असतो.

तिथल्याच मॉपिन गावाच्या खाली एका सकाळी मी असाच घाईने उतरलो. तिसरं पाऊल टाकलं आणि गुडघ्याजवळच्या गोट्याआडून एक करडी सावली निसटली. पाण्यावर बाणाच्या टोकासारखी लाट उठली आणि धारेत विरून गेली. त्या सकाळी त्या पट्ट्यात मला एवढाच मासा दिसला.

तेव्हापासून पहिला कास्ट, म्हणजे लाइनची फेक, मी घोट्याएवढ्या पाण्यातून टाकतो, कधी काठावरूनच. रॉडच्या टोकाबाहेर जेमतेम दहा-बारा फूट लाइन. मग दर कास्टला दोन-तीन फूट वाढवायची. आरामात टाकता येईल एवढी झाली की तिथेच थांबवायची आणि पुढे दर कास्टनंतर खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, दोन पावलं सरकायचं. लांबी तीच, कोन तोच, पावलं तेवढीच. असं केलं तरच फ्लाय त्या पट्ट्यातल्या प्रत्येक माशापुढून एकदा तरी जाते.

आणि पट्टा कुठला निवडायचा? माणूस सावकाश चालतो त्या वेगाने वाहणारं, तीन ते सहा फूट खोल, तळाशी मोठे गोटे असलेलं पाणी. डोहाचा मधला खोल, शांत भाग दिसायला मोहक असतो, पण मी तो सोडतो. डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं ती शेवटची पन्नास फूट जागा कधीच सोडत नाही. खळाळ चढून आलेला मासा तिथे दम खायला थांबतो.

फ्लाय तळाला जात नाही, किंवा सारखी अडकते

हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिटसारख्या मोठ्या नदीवर बुडणारी टिप, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा जड तुकडा, लागते. टी-८, टी-११, टी-१४ यांतला आकडा म्हणजे एका फुटाचं ग्रेनमधलं वजन. आकडा वाढला की टिप लवकर बुडते. आता गंमत बघा: माणूस चांगली जड टिप घेतो आणि तिला ट्राउटच्या सवयीने नऊ फुटांचा लीडर, म्हणजे फ्लायकडे जाणारा बारीक दोरा, बांधतो. टिप खाली, फ्लाय वर तरंगतेय! बुडणाऱ्या टिपला तीन-चार फूट सरळ टिपेट (एकाच जाडीचा दोरा) पुरे, दहा-बारा पाउंड ताण सोसणारं. लांब लीडर तरंगत्या लाइनसाठी ठेवा.

दुसरं कारण मेंड. कास्ट पाण्यावर पडताक्षणी लाइनचा पोट धरलेला भाग एकदा वरच्या अंगाला उचलून ठेवला की टिपला बुडायला उसंत मिळते. त्यानंतर हात लावू नका. स्विंग, म्हणजे फ्लायचं धारेतून आडवं जाणं, चालू असताना केलेला प्रत्येक मेंड फ्लायला हिसका देतो आणि वर खेचतो. फ्लाय धारेतून एकसारखी, संथ, आडवी जायला हवी.

उलट, दर कास्टला तळाशी अडकत असेल तर लगेच टिप बदलायची घाई करू नका. आधी कोन बदला. कास्ट जितका खालच्या अंगाला, तितकी फ्लाय वर राहते. जितका आडवा, तितकी खोल जाते. हिवाळ्यातही तळ खरवडत बसायची गरज नसते. मासा वर बघतो, त्याच्या डोक्यावरून जाणारी फ्लाय त्याला दिसते.

दोन हातांच्या रॉडच्या कास्टबद्दल थोडक्यात सांगतो. लाइन पुढे जाऊन गठ्ठा होऊन पडत असेल तर वरचा हात जोर लावतोय. खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढा, वरचा हात फक्त आधाराला ठेवा. पाण्यावरचा अँकर (फेकण्याआधी पाण्याला टेकलेलं लाइनचं टोक) उखडून येत असेल तर उचलायची घाई होतेय. वाऱ्याचा नियम मात्र पाठच करा: वारा प्रवाहाच्या वरच्या दिशेने वाहत असेल तर अँकर वरच्या अंगाला, म्हणजे स्नॅप-टी नावाचा कास्ट, खालच्या दिशेने वाहत असेल तर खालच्या अंगाला, म्हणजे डबल स्पे नावाचा. हे उलटं झालं की गळ थेट चेहऱ्याकडे येतो. चष्मा आणि टोपीशिवाय मी कुणालाही रॉड हातात धरू देत नाही.

ओढ लागली आणि हात उठला

इतकं सगळं जमल्यावर मासा इथे सुटतो. ट्राउट किंवा आपल्याकडचा महाशीर धरणाऱ्यांच्या हातात झटक्याने रॉड उचलणं भिनलेलं असतं. स्विंगवर मासा खालच्या अंगाला, लाइन ताठ, आणि गळ त्याच्या तोंडातून सरळ आपल्याकडे. त्या क्षणी रॉड उचलला की फ्लाय उघड्या तोंडातून तशीच बाहेर येते.

काय होतं ते जवळून सांगतो. आधी दाताने दोरा ओढल्यासारखी एक बारीक टिकटिक बोटांना जाणवते. इथे काहीही करायचं नाही. मग रील कुरकुरतं, लाइन जाऊ लागते. अजूनही काही नाही. मासा फ्लाय घेऊन वळतो, लाइन त्याच्या तोंडाच्या कडेला येते आणि वजन स्थिर होतं. आता रॉड आडवा, पाण्याच्या जवळून, आपल्या काठाकडे सावकाश न्यायचा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि सहसा सुटत नाही. हे जमावं म्हणून स्विंगच्या वेळी लाइन बोटाखाली घट्ट दाबू नका आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे लाइन सुटताना होणारा रोध, हलका ठेवा.

टिकटिक झाली आणि मासा गेला, तर खाली सरकू नका. लाइनची लांबी तीच ठेवा, दोन मिनिटं थांबा, आधीपेक्षा लहान आणि गडद फ्लाय बांधा. पुन्हा काही नाही तर दहा-बारा पावलं वर जाऊन परत उतरत या. फ्लाय बदलायची खरी वेळ हीच!

नदीचा नूर न बघता निघणं

धरणातून किती क्यूसेक सोडले हे आपण पावसाळ्यात रोज वाचतो. तीच सवय इथे उपयोगी पडते. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या साइटवर बहुतेक नद्यांचा विसर्ग बघायला मिळतो. पाणी चढतंय आणि गढूळ आहे, तर घरी थांबा. पाऊस थांबून पाणी उतरतंय आणि हिरवट निवळायला लागलंय, तर रजा टाका. खिशात थर्मामीटर ठेवा. साधारण ७ ते १४ अंश सेल्सिअसला मासा फ्लायच्या मागे हलतो. ४ अंशांच्या आसपास तो जागचा हलत नाही, फ्लाय त्याच्या नाकापुढून अगदी संथ न्यावी लागते. २० अंशांवर गेलं की रॉड गुंडाळा. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि धरून सोडलेला मासा दिसेनासा झाल्यावर मरू शकतो.

ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते, कारण हे मासे कमी होत चाललेत. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड खाडीतले स्टीलहेड २००७ पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहेत. २०२१ मध्ये कोलंबिया नदीतून इतके कमी परतले की ओरेगॉनने डेशूट्सवरची स्टीलहेडची मासेमारी बंद केली होती. नियम हंगामाच्या मध्येही बदलतात, म्हणून आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य विभागाची साइट उघडून बघाच.

पाठीवर शेपटीअलीकडे असलेला छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा जंगली समजा. हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या, माशांचा तो कापलेला असतो. जंगली मासा सोडायचाच. वॉशिंग्टनमध्ये तर सोडायचा मासा पूर्णपणे पाण्याबाहेर काढणंच बेकायदेशीर आहे. फोटोसाठी त्याला खडीवर ओढणं, छातीशी धरणं, गिलमध्ये (कल्ल्यात) बोट घालणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो. पॅसिफिकच्या सॅमनसारखा हा अंडी घालून हमखास मरत नाही. काही मासे समुद्रात परत जातात आणि पुन्हा येतात. मोठी मादी म्हणजे हजारो अंडी.

गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून या. हात ओले करा, शेपटीच्या मुळाशी सैल मूठ धरा, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. त्याला पुढे-मागे ढकलू नका, गिल आपोआप चालतात. कधी दहा सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. मुठीत शेपटी घट्ट होते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते, आणि तो स्वतःच निघतो.