म्युझिक मॅगझिनचं कव्हर वाचायचं कसं

मीडियाच्या प्रोजेक्टसाठी म्युझिक मॅगझिनचं कव्हर मिळालं की बहुतेकजण लिहितात लाल रंग म्हणजे एनर्जी, जाड फॉन्ट म्हणजे पॉवर, आणि विषय संपवतात. पण लाल रंग तर अर्ध्याअधिक मॅगझिन्सवर असतो, मग त्यातून या एका अंकाबद्दल काय कळलं? मी शिकवताना मुलांना एकच प्रश्न हातात धरायला सांगते, की हे मॅगझिन आपल्या वाचकाला कोण समजतंय? मग फोटो, शब्द, जाहिरात, सगळं त्याच प्रश्नाने तपासायचं.

एनएमईचं बघा, म्हणजे न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, लंडनचं म्युझिक साप्ताहिक, १९५२ ला निघालेलं, छापील साप्ताहिक म्हणून २०१८ ला बंद झालं. त्यांच्या १२ ऑगस्ट १९९५ च्या अंकाचं कव्हर नेटवर लगेच सापडेल. ब्लरचं 'कंट्री हाउस' आणि ओअ‍ॅसिसचं 'रोल विथ इट' ही दोन ब्रिटिश रॉक बँड्सची सिंगल्स, म्हणजे सुटी विकली जाणारी गाणी, १४ ऑगस्टला, एकाच दिवशी बाजारात येणार होती, तर एनएमईने कव्हरवर दोन्ही बँडचे गायक, ब्लरचा डेमन अल्बार्न आणि ओअ‍ॅसिसचा लियम गॅलघर, समोरासमोर ठेवले आणि 'ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियनशिप' असं लिहून सरळ बॉक्सिंगच्या मॅचचं पोस्टरच केलं. आता इथे थांबून नीट बघा. मुख्य ओळीत गाण्याची चाल, शब्द, गिटार यातलं काहीच नाही, आहे ती फक्त मारामारी, आणि मारामारी म्हटली की बघणारा आपोआप एक बाजू पकडतो. ब्लर इंग्लंडच्या दक्षिणेकडचे मध्यमवर्गीय, ओअ‍ॅसिस मँचेस्टरचे कामगार घरातले, हे वाचकाला आधीच माहीत होतं, त्यामुळे 'तू कुणाचा' हा प्रश्न छापायची गरजच पडली नाही. पेपर आणि टीव्हीच्या बातम्यांनीही ते उचललं. त्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २,७४,००० कॉपी गेल्या, ओअ‍ॅसिसच्या २,१६,०००. सगळं श्रेय एका कव्हरला देऊ नका, पण भाषा आणि फोटो मिळून वाचकाला नुसता ऐकणारा न ठेवता एका बाजूचा समर्थक कसा बनवतात हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

मग भाषेकडे या. सगळ्यात आधी नावं बघायची. आडनाव दिलंय का, की नुसतं पहिलं नाव? नुसतं 'लियम' लिहिलं असेल तर मॅगझिन धरून चाललंय की तुम्हाला ओळख करून द्यायला नको, तुम्ही आतल्या गोटातले आहात. यात स्मॅश हिट्स तर उस्ताद होतं. १९७८ ते २००६ चाललेलं हे इंग्लंडमधलं किशोरवयीन मुलामुलींचं मॅगझिन, गाण्यांचे बोल छापायचं आणि स्टार लोकांना टोपणनावं ठेवायचं. बीटल्स बँडचा पॉल मॅकार्टनी फोटोत कायम अंगठे वर करायचा म्हणून त्याचं नाव काय, तर फॅब मॅका वॅकी थम्ब्ज अलॉफ्ट! सारखं वाचणाऱ्यालाच हे कळणार, नवख्याला नाही, आणि म्हणूनच पुढचा अंक चुकवायचा नाही असं वाटतं. केरँग या ब्रिटिश रॉक मॅगझिनचं तर नावच इलेक्ट्रिक गिटारच्या झणझणीत कॉर्डचा आवाज आहे, शेवटी उद्गारचिन्ह, अक्षरं तडकलेल्या काचेसारखी. १९८१ ला निघालं तेव्हापासून हेवी मेटलवाल्या वाचकाला दुरूनच कळतं की हे आपलं.

फोटोत आधी डोळे बघा. कलाकार सरळ कॅमेऱ्यात बघतोय की दुसरीकडे? सरळ बघत असेल तर तो वाचकाशी बोलतोय असं वाटतं, नजर खाली किंवा बाजूला असेल तर आपण चोरून बघतोय असं. मग चेहरा किती जवळून घेतलाय, हात कुठे आहेत, अंगावर काय आहे. डोकं मॅगझिनच्या नावावर आलंय का हेही बघा, कारण स्वतःचं नाव अर्धं झाकायची हिंमत वाचक लांबूनही ओळखेल अशी खात्री असलेलंच मॅगझिन करतं. रोलिंग स्टोन या अमेरिकन मॅगझिनचा २२ जानेवारी १९८१ चा अंक यासाठी बघायलाच हवा. बीटल्सच्याच जॉन लेननची ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली, त्याच दिवशी फोटोग्राफर अ‍ॅनी लिबोवित्झने काढलेला फोटो, विवस्त्र लेनन बायकोला, योको ओनोला, बिलगून झोपलाय. कव्हरवर एकही हेडलाइन नाही. वाचकाला सगळं माहीत होतं, शब्द घातले असते तर ते मध्येच आले असते. म्हणजे तुमच्या कव्हरवर जिथे मजकूर नाहीये ती जागाही नोंदवा.

आत गेल्यावर मुलाखतीतलं कुठलं वाक्य मोठं करून मधे टाकलंय ते शोधा, बहुतेक वेळा भांडणाचं किंवा दुखण्याचं असतं, क्वचितच संगीताचं. शिव्या तशाच ठेवल्यात की फुल्या मारल्यात? आणि जाहिराती अजिबात सोडू नका, गिटारच्या तारा विकतायत की महागडी घड्याळं, यावरून वाचकाचं वय आणि खिसा दोन्ही कळतं.

लिहिताना एका कव्हरवर कधी थांबू नका. एकच कलाकार दोन वेगळ्या मॅगझिन्सवर आलेला शोधा, इंटरनेट आर्काइव्हवर जुने अंक स्कॅन केलेले मिळतात, दोन्ही शेजारी ठेवा आणि काय बदललं तेवढंच लिहा. प्रत्येक वाक्यात आधी दिसलेली गोष्ट, मग ती कुठल्या वाचकासाठी, एवढा क्रम ठेवला तरी 'लाल म्हणजे एनर्जी' आपोआप गळून पडतं.