एचटी मोटरची केबल आणि रिले: ऑर्डर देण्याआधीची तयारी

सांगली जिल्ह्यात ३.३, ६.६ किंवा ११ केव्हीची (हजार व्होल्टची), म्हणजे एचटी (हाय टेन्शन, उच्च दाबाची) मोटर भेटते ती बहुधा उपसा सिंचनाच्या पंपगृहात, नाहीतर साखर कारखान्यात. पुष्कळदा केबल एकजण ठरवतो आणि रिलेची (करंट पाहून ब्रेकरला तोडायला सांगणाऱ्या उपकरणाची) सेटिंग महिन्यांनी दुसराच येऊन करतो. हे दोन्ही एकाच कागदावर ठरले पाहिजे. केबलची जाडी नुसत्या लोडवर ठरत नाही, फॉल्ट (शॉर्ट सर्किट) किती वेळात तुटतो यावर ती जास्त ठरते.

आधी मोटर बनवणाऱ्याकडून डेटाशीट मागवून घ्यावी, नेमप्लेट पुरत नाही. फुल लोड करंट, सुरुवातीचा करंट किती पट, पूर्ण व्होल्टेजला आणि ८० टक्के व्होल्टेजला मोटर किती सेकंदांत वेग घेते, रोटर अडकला तर गरम मोटर किती सेकंद सोसते, आणि तासाला किती स्टार्ट चालतात, एवढे आकडे हवेत. उदाहरणासाठी ५०० किलोवॅट, ३.३ केव्हीची पंपाची मोटर घेऊ. पॉवर फॅक्टर ०.८५ आणि कार्यक्षमता ९४ टक्के धरली तर करंट साधारण ११० अँपिअर येतो, आणि थेट स्टार्टला सहापट म्हणजे ६६० अँपिअर.

नंतर सबस्टेशनचा फॉल्ट करंट काढावा. ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स (आतला अडथळा) ७ टक्के, म्हणजे ३.३ केव्ही बाजूला फुल लोड ८७५ अँपिअर आणि फॉल्ट सुमारे १२.५ किलोअँपिअर. ॲल्युमिनियमची एक्सएलपीई (एका प्रकारच्या प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल ९० अंशांवरून २५० अंशांपर्यंत तापताना दर स्क्वेअर एमएमला एक सेकंद ९४ अँपिअर सोसते. फॉल्ट ०.२ सेकंदात तुटणार असेल तर ६० स्क्वेअर एमएम लागते, म्हणजे बाजारातली ७०. ०.५ सेकंद धरले तर ९४, आणि पूर्ण सेकंद धरला तर १३३, म्हणजे १५०. ब्रेकरवर ‘१ सेकंद’ लिहिले आहे म्हणून डोळे झाकून १५० घेणे म्हणजे पैसे मातीत घालणे. उलट मोटरचा ब्रेकर अडकला तर मागचा इनकमर (सबस्टेशनचा मुख्य ब्रेकर) किती वेळात पडेल, म्हणजे ट्रिप होईल, हे विचारलेच पाहिजे. तो ०.५ सेकंदाला पडत असेल तर ९५ अगदी काठावर येते. चालू असलेल्या बाकीच्या मोटारीही पहिल्या काही सायकलमध्ये फॉल्टमध्ये करंट ओततात, म्हणून इथे १२० घ्यावी.

लोडचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. टेबलातली क्षमता जमीन ३० अंश आणि हवा ४० अंश धरून दिलेली असते. एका चरात चार केबली शेजारी असतील, काही अंतर पाइपातून जात असेल तर एकूण गुणक ०.७ पर्यंत खाली येतो. मग ११० अँपिअरसाठी टेबलात १५७ अँपिअरची केबल शोधावी लागते. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, केबलभोवती पोकळी पडते आणि उष्णता बाहेर जात नाही. म्हणून चर ९०० मिमी खोल घेऊन केबलच्या खाली-वर वाळू भरावी, माती थेट ढकलू नये. जॉइंट शक्यतो टाळावा, टाळता येत नसेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर ठेवावा. न्यूट्रल रेझिस्टन्समधून अर्थ केलेला असेल आणि अर्थ फॉल्टवर फक्त अलार्म ठेवणार असाल, तर १.९/३.३ नव्हे, ३.३/३.३ केव्ही ग्रेडची (पहिला आकडा फेज ते अर्थ, दुसरा फेज ते फेज) केबल मागवावी.

व्होल्टेज ड्रॉपची चिंता अनेकजण चुकीच्या जागी करतात. ३०० मीटर १२० ची केबल स्टार्टला पन्नासेक व्होल्ट खाते, म्हणजे दीड टक्का. तोच स्टार्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये पाच टक्क्यांहून जास्त खातो. जत, आटपाडीकडच्या लांब फीडरवर त्याच्याही मागचा ड्रॉप मिळवावा. टर्मिनलवर ८५ टक्के उरले तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ७२ टक्क्यांवर येतो. मोटर उठत नसेल तर केबल जाड करून उपयोग नाही.

संरक्षणात आधी ब्रेकर की फ्यूज-कॉन्टॅक्टर (फॉल्ट तोडायला फ्यूज, रोजच्या चालू-बंदला कॉन्टॅक्टर), हे पक्के करा. फ्यूज मोठा फॉल्ट अर्ध्या सायकलच्या आत तोडतो, त्यामुळे केबल बारीकही चालते. पण व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर मोठा करंट तोडू शकत नाही. म्हणून तिथे रिलेचा इन्स्टंटेनियस (क्षणात पडणारा) घटक बंद ठेवावा, किंवा फ्यूज आधी उडेल इतका उशीर द्यावा. एक फ्यूज उडाला की स्ट्रायकर पिनने (फ्यूज उडताच बाहेर येणाऱ्या खिळीने) कॉन्टॅक्टर तिन्ही फेज उघडतो का, हे हाताने तपासावे.

ब्रेकर असेल तर इन्स्टंटेनियस सेटिंग स्टार्टच्या दीडपट, म्हणजे ९९० अँपिअरच्या आसपास. सीटी (रिलेसाठी करंट मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) १५०/१, ५पी२० (वीस पटीपर्यंत अचूक) निवडला तर रेटेड बर्डनला (ठरलेल्या भाराला) त्याची मर्यादा ३,००० अँपिअर आणि फॉल्ट १२,५००. सीटी सॅच्युरेट होणारच, म्हणजे खरा करंट दाखवू शकणार नाही. रिले तरीही पडेल याचा हिशेब रिलेवाल्याकडून लेखी घ्यावा, नाहीतर मोठ्या रेशोचा सीटी घ्यावा. थर्मल कर्व्ह (ओव्हरलोडला रिले किती वेळात पडतो त्याची रेषा) स्टार्टच्या वेळेच्या वर आणि गरम रोटरच्या मर्यादेच्या खाली बसला पाहिजे. पंपाला बहुधा या दोन्हींच्या मध्ये जागा मिळते. कारखान्यातल्या फायब्रायझरसारख्या (ऊस कुटणाऱ्या) जड फिरत्या यंत्राला मिळत नाही, तिथे स्पीड स्विच (मोटर फिरू लागली का हे रिलेला सांगणारा) लागतो. पंपाला अंडरकरंट (करंट फार कमी झाला की पडणारी) ट्रिप मात्र न विसरता द्यावी, पाणी तुटल्यावर तीच पंप वाचवते.

पॉवर फॅक्टर सुधारणारा कॅपॅसिटर सीटीच्या पुढे, मोटरच्या टर्मिनलवर असेल तर सीटीला कमी करंट दिसतो. पॉवर फॅक्टर ०.९७ झाला तर ११० ऐवजी ९६. थर्मल सेटिंग ९६ वरच करावी, नाहीतर मोटर जास्त तापेल आणि रिले गप्प बसेल.

अर्थ फॉल्टसाठी तीन सीटींची बेरीज वापरू नका, स्टार्टला फुकट ट्रिप येते. सीबीसीटी (तिन्ही फेजची अख्खी केबल ज्याच्या भोकातून जाते तो एकच सीटी) घ्यावा. केबल स्क्रीन-आर्मरसकट (धातूच्या आवरणांसकट) त्यातून गेली असेल तर स्क्रीनची अर्थ वायर त्याच भोकातून परत खाली आणावी आणि मगच अर्थ करावी. ती वायर परत आणायची राहिली तर फॉल्ट करंट स्क्रीनमधून परतताना आपोआप वजा होतो आणि रिलेला काही कळत नाही.

चार्ज करण्याआधी (वीज सोडण्याआधी) विद्युत निरीक्षकाची परवानगी आणि अडीच हजार व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) मोटरची इन्सुलेशन चाचणी हवी. दहा मिनिटांचा आकडा एका मिनिटाच्या निदान दुप्पट यावा. मग सीबीसीटीच्या भोकातून मोकळी वायर नेऊन सेटिंगपेक्षा थोडा जास्त करंट सोडा, रिले पडला पाहिजे. तोच करंट स्क्रीनमधून सोडला तर पडता कामा नये.